अक्काच्या हातांसाठी घेतलेला कॅमेरा

प्रिय अक्का,

तुला वाचता येत नव्हतं, हे मला ठाऊक नाही का? तरी लिहायला बसले आहे. गेल्या रविवारी वहिनीने मला तुझ्या एका खुणेचा अर्थ सांगितला, आणि तेव्हापासून माझं कामात लक्षच नाही. दोन बायांचे ब्लाऊज कापून पडलेत, शिवायला घेतले की हात थांबतो. तुझ्याशी बोलायचं तर हातांनीच बोलायला हवं, पण समोर तू नाहीस. मग पेन घेतलं. कुणाशी तरी हे बोलायलाच हवं होतं, आणि ते तुझ्याशीच बोलायचं होतं.

तू जाऊन पावणेदोन महिने झाले. दुपारी जेवलीस, पडवीत आडवी झालीस, आणि चहाच्या वेळेला वहिनी उठवायला आली तर उठलीच नाहीस. मला फोन आला तेव्हा मी गिऱ्हाइकाचं माप घेत होते. संगमनेरहून आपलं गाव ते किती लांब? तरी पोहोचेपर्यंत तुझे हात गार पडले होते. तुझे हात असे नुसते पडलेले मी कधी पाहिले नव्हते गं. झोपेतसुद्धा हलायचे ते!

भेटायला आलेली माणसं म्हणत होती, "मुकी होती ना बिचारी." मुकी! आपल्या घरात तुझ्याइतकं बोलणारं दुसरं कुणी होतं का? शेजारच्या बाईची चाल, दादाचं जांभई देत देत हिशोब सांगणं, गाभण गायीचं नखरे करणं, सगळं तू दोन हातांत आणि एका चेहऱ्यात मांडायचीस. हसून हसून आईच्या डोळ्यांत पाणी यायचं.

तू जन्मतःच बहिरी. शाळेत कधी गेली नाहीस. बोलायला कुणी शिकवलं नाही, म्हणून तू स्वतःच बोलणं तयार केलंस. माणसांना नावंसुद्धा तूच ठेवलीस. कपाळावर अंगठा टेकवला की आई, कारण तिचं कुंकू मोठं. दादाचं नाव आधी वाहतं नाक होतं, मग त्याला मिशी फुटली आणि तू ते बदलून मिशीला पीळ दिलास. आणि मी? डोळ्यापासून हनुवटीपर्यंत एक बोट ओढायचं. रडकी! लहानपणी मी फार रडायचे म्हणे. मला त्या नावाचा कधी राग आला नाही. उलट लग्न होऊन संगमनेरला आले, सगळे मला सुनंदा, काकू, मावशी म्हणायला लागले, तेव्हा मला त्या एका बोटाची फार आठवण यायची.

तुझं सगळं बोलणं येणारी माणसं दोनच, आई आणि मी. दादाला कामापुरतं यायचं. भाकरी, पाणी, गाय, ये, जा. आई गेली आणि मी एकटी उरले. खरं सांगू? मला त्याचा थोडा अभिमानच होता. अक्काचं फक्त सुनंदाला कळतं, असं लोक म्हणायचे आणि मी मान वर करून ऐकायचे. तो अभिमान किती महागात पडला असता, हे तुझं छातीचं दुखणं आलं तेव्हा कळलं.

तुला आठवतंय ना ते? त्या हिवाळ्यात तू वहिनीला मूठ छातीवर दाबून, गोल फिरवून दाखवत होतीस. वहिनीला वाटलं, तुला वरवंटा हवाय. तिने खरंच पाट्यावरचा वरवंटा उचलून तुझ्या हातात दिला! तू तो ढकलून दिलास. मग तिला वाटलं, जळजळतंय. तिने सोडा पाजला. दोन दिवस हे चाललं. तिसऱ्या दिवशी मी सहज म्हणून आले, आणि दारातच तू मला तीच खूण केलीस. मूठ छातीवर, आत दगड, दगड फिरतोय. मला एका क्षणात कळलं. दादाने शेजाऱ्याची गाडी मागितली आणि आपण थेट संगमनेरच्या दवाखान्यात गेलो.

डॉक्टर म्हणाले, "दोन दिवस काय करत होता तुम्ही?"

वहिनी दवाखान्याच्या जिन्यात बसून रडत होती. "ताई, त्या सांगत हुत्या वो. मला न्हाई कळलं. माझ्या हातून अक्का गेल्या असत्या!"

आणि मी तिला काय म्हणाले माहीत आहे? म्हणाले, "कळायला त्यांच्याशी बोलावं लागतं, वहिनी." अक्का, तिने तुला पंधरा वर्षं जेवू घातलं होतं. मी महिन्यातून दोनदा येणारी. मला कुणी अधिकार दिला होता तसं बोलण्याचा?

पण त्या जिन्यातच माझ्या मनात आलं, की तुझं बोलणं कुठेतरी साठवायला हवं. वहिनीला पुन्हा पुन्हा बघता येईल, शिकता येईल असं. मी माझ्या मोबाईलवर तुझा व्हिडिओ काढून पाहिला. तेव्हाचा मोबाईल तो! तुझी बोटं त्यात पिठाच्या गोळ्यासारखी एकमेकांत मिसळून गेली. आपल्यात पाणी आणि दूध यांत फरक फक्त अंगठ्याचा. मोबाईलमध्ये अंगठाच दिसेना. तू बघितलंस आणि हाताने उडवून लावलंस. टाकून दे!

मग लगीनसराईत मी जास्तीचं शिवण घेतलं, आणि उन्हाळ्यात आपण दोघी कॅमेरा घ्यायला गेलो. मी तुला घेऊन गेले असं मी सगळ्यांना सांगायचे. खरं तर तूच मागे लागली होतीस. त्या दिवशी तू जांभळं पातळ नेसली होतीस आणि केसांना इतकं तेल लावलं होतंस की दुकानातल्या दिव्यात चमकत होतं!

दुकानदाराने चष्मा कपाळावर सारून मला विचारलं, "घरगुती वापराला ना? बारशाला, लग्नाला?"

मी म्हटलं, "बहिणीचं बोलणं घ्यायचंय."

त्याने तुझ्याकडे पाहिलं, तुझ्या खुणा पाहिल्या आणि मग माझ्याशीच बोलायला लागला. एक टेपवाला कॅमेरा काढला, जुना आहे पण स्वस्तात देतो म्हणाला. दुसरा फुल एचडी, आत मेमरी कार्ड. तिसरा त्याहून मोठा, त्याचा झूम म्हणे भलताच. "हाच घ्या ताई. नदीपलीकडचं माणूस ओळखू येईल."

तू त्याच्याकडे लक्षच दिलं नाहीस. सरळ कॅमेऱ्यांपुढे जाऊन उभी राहिलीस आणि त्याला खूण केलीस, टीव्हीला जोड. तो माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "जोडा म्हणतेय ती." त्याने जोडला. तू भिंगापुढे बोटं भराभर हलवलीस आणि मान वळवून टीव्हीत बघितलंस. टेपवाल्यात बोटांच्या मागे नुसती धुरकट रेघ. तू नाक मुरडलंस. एचडीत प्रत्येक बोट सुटं! नखं दिसत होती, तुझ्या बोटावरचा विळ्याचा जुना व्रण दिसत होता. तू ओठ आत ओढून हसलीस.

तरी दुकानदार मोठ्या झूमवर अडून बसला. त्याने झूम पूर्ण ओढून रस्त्यापलीकडची पाटी दाखवली. शेवटी शेवटी चित्राचे दाणे दाणे झाले. तू ताटात तांदूळ पसरावेत तशी खूण केलीस, आणि मग मला जे म्हणालीस ते मी त्याला मोठ्याने सांगितलं, "ती म्हणतेय, लांबचं कशाला बघू? माझ्याशी बोलणारं माणूस जवळ बसतं."

दुकानदार हसला. पण खरी गंमत पुढेच. त्याने तो मधला कॅमेरा तुझ्या उजव्या हातात दिला, पट्टा आवळला, कसा धरायचा ते दाखवलं. तू क्षणभर धरलास आणि डावा हात वर करून त्याच्याकडे पाहिलंस. एका हाताने बोलू का मी? मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला! त्याने मागून छोटा तीन पायांचा स्टँड आणला. तू कॅमेऱ्याचा छोटा पडदा बाहेर काढून उलटा फिरवून पाहिलास, म्हणजे समोर बसून स्वतःला बघता येतं का ते. येत होतं. झालं, ठरलं.

निघताना दुकानदाराने भिंग पुसायचं मऊ फडकं माझ्या हाती न देता तुझ्या हाती दिलं, आणि पुसायचं कसं ते हातानेच करून दाखवलं. गाडीत तू ते फडकं घडी करून ब्लाऊजमध्ये ठेवलंस. पेटी मांडीवर, दोन्ही हात पेटीवर, त्यामुळे घर येईपर्यंत एक शब्द बोलली नाहीस!

मग शिकणं सुरू झालं. मी चष्मा लावून त्याबरोबरचं पुस्तक वाचायला बसले. कितीतरी भाषा होत्या त्यात, मराठी तेवढी नव्हती. मी इंग्रजी एकेक शब्द लावत बसले आणि तू बटणं दाबत बसलीस. कचऱ्याची पेटी म्हणजे पुसून टाक, लाल ठिपका म्हणजे चालू. तुला आयुष्यभर चित्रांनीच तर सांगितलं होतं सगळ्यांनी! दोन दिवसांत तुला सगळं यायला लागलं आणि मी अजून पान सातवर.

माझं पहिलं चित्रण आठवतं? कॅमेरा चालू असताना मला वाटलं बंद आहे, आणि बंद केल्यावर वाटलं चालू झाला. घरी सगळे टीव्हीपुढे बसले आणि काय दिसलं? अकरा मिनिटं शेणाने सारवलेली जमीन, माझी चप्पल, आणि मधेच एक कोंबडी. दादा खुर्चीवरून पडायचा राहिला! दुसऱ्यांदा मी तुला दाराकडे पाठ करून बसवलं, तर मागून ऊन आणि तू नुसता काळा आकार. तू ते बघितलंस, उठलीस, बाज फिरवलीस, तोंड उजेडाकडे केलंस. मागे दादाची काळी घोंगडी टांगलीस, म्हणजे हात उठून दिसतील. तरी कॅमेरा मधेच तुला सोडून मागच्या शेळीवर नजर लावायचा, आणि तुझी बोटं धूसर व्हायची. मग तू शेळीच हाकललीस. आणि वीज! चार्जिंगला लावलं की वीज जायची. वीज आली की वहिनी आधी ओरडायची, "अक्कांची बॅटरी लावा रं, मोटार मग!"

मी वहीत यादी केली होती. पाणी, दुखतं, कुठे दुखतं, डॉक्टर, गोळी, चक्कर, दम. एकेक शब्द तू करायचीस, मी कॅमेऱ्यामागून मोठ्याने त्याचा अर्थ सांगायचे, वहिनीसाठी. चार-पाच रविवार तसं चाललं. तुला त्याचा कंटाळा यायला लागला होता, ते मला दिसत होतं. तुला शब्द द्यायचे नव्हते, गोष्टी सांगायच्या होत्या. आणि मला? मला यादी संपवून सव्वापाचची एसटी पकडायची होती.

असाच एक रविवार. 'दम लागतो' झालं होतं, 'चक्कर' राहिलं होतं. तू हात पुढे करून मला थांबवलंस आणि सांगायला लागलीस. मी लहान. बाबा. गाडी. लांब. मोठं आवार. पोरं, खूप पोरं. त्यांचे हात... आणि मी घड्याळ बघितलं. पाच वाजून गेले होते. मी म्हटलं, पुढच्या वेळी सांग. आणि बटण दाबलं. तुझे हात हवेतच होते गं, अक्का! अजून मला ते तसेच दिसतात.

पुढच्या वेळी मी विचारलं नाही. तूही सांगितलं नाहीस. का नाही सांगितलंस? एकदा तरी दंडाला धरून बसवायचं होतंस मला! लहानपणी नाही का, वेणी धरून खाली बसवायचीस?

यादी कामाला आली, एवढं मात्र खरं. वहिनी दुपारची भांडी झाली की टीव्हीला वायर लावून बसायची आणि तुझ्यासारखे हात करायची. चुकली की तू तिच्या बोटांवर चापट मारायचीस. तीन वर्षांनी तुला पुन्हा त्रास झाला, तेव्हा तू नुसती मूठ उचललीस, तोवर वहिनीने दादाला शेतातून हाक मारली होती. अर्ध्या तासात तू दवाखान्यात होतीस. या वेळी डॉक्टर म्हणाले, "वेळेत आणलंत." मी पोहोचले तर वहिनी त्याच जिन्यात बसली होती, पण या वेळी पदराने तोंड पुसत हसत होती. त्यानंतरची सगळी वर्षं तुला तिने मिळवून दिली. मी तिला तेव्हाही काही बोलले नाही. चांगलं केलंत, एवढं म्हणायला काय जात होतं माझं?

आणि मग माझं येणं कमी झालं. वहिनीला येतंय की आता, असं मीच मला सांगायचे. दुकान वाढलं, हाताखाली दोघी आल्या, रविवारीसुद्धा गिऱ्हाईक यायचं. महिन्यातून दोनदाचं एकदा झालं, मग सणावारी. तुला फोन तर करता येत नव्हता. मोबाईल व्हिडिओवाले झाले, पण तुझ्याकडे रेंज कधी असायची, कधी नाही, आणि माझ्याकडे वेळ कधी असायचा?

तू गेलीस, त्यानंतर सगळं आटोपल्यावर वहिनीने मला कॅमेऱ्याची पिशवी दिली. "घेऊन जा ताई. चार कार्डं हायत. त्या दुपारच्या एकट्याच बसून बोलायच्या त्याच्यापुढं. मी कधी बघितलं न्हाई, त्यांचं त्यांचं हुतं ते."

मी महिनाभर पिशवी उघडली नाही. मग उघडली. बॅटरी आता धरत नाही, वायर लावूनच चालवावा लागतो. टीव्हीवर तू आलीस. तीच बाज, तीच घोंगडी, केस पिकलेले. आणि अक्का, आवाज आला! तुझ्या बांगड्यांचा आवाज. जोरात बोललीस की बांगड्या वाजायच्या, हळू बोललीस की किणकिण. हसताना तुझ्या घशातून यायचा तो आवाज. समोर असताना मी तुझे हात बघायचे, कान देऊन तुला कधी ऐकलंच नव्हतं. पहिल्या दिवशी तू काय बोललीस ते मी बघितलंच नाही. डोळे मिटून नुसतं ऐकत बसले.

मग रोज थोडं थोडं बघायला लागले. गायीला दुसऱ्यांदा कालवड झाली ते सांगितलंस. दादा वहिनीवर रुसून उपाशी झोपला, ते तर इतकं हुबेहूब केलंस की मी एकटीच मोठ्याने हसले. पण मधे मधे एक खूण यायची, ती मला कळेना. डाव्या मनगटावर दोन बोटं दोनदा आपटायची, मग पंजा दाराकडे. मी ती कधी पाहिली नव्हती. मनगट म्हणजे नाडी, म्हणून मी धरून चालले, की हे डॉक्टरचं नाव. नाडी बघतो आणि जातो तो.

तसं धरून मी पुढचं लावत गेले. डॉक्टर येणार, दोन डाळिंबं बाजूला ठेवली. डॉक्टरांसाठी डाळिंबं? असतील बाई, तुझा जीव वाचवला त्यांनी. डॉक्टर वाळलेत, नीट जेवत नाहीत. डॉक्टरांना नवा चष्मा लागला. डॉक्टर आले नाहीत, डाळिंबं शेळीला घातली. मला हसू यायचं. केवढा जीव लावला होता हिने त्या डॉक्टरांना!

आणि शेवटच्या कार्डावर तू मनगटावर बोटं आपटलीस, दाराकडे पंजा केलास, आणि दोन्ही हातांनी कापड पुढे सरकवत पाय हलवलास. शिवणाची मशीन. डॉक्टर कुठे मशीन चालवतात?

मी टीव्ही बंद केला. कळलं होतं की नव्हतं, सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळचीच एसटी पकडून मी गावी गेले. वहिनी ओट्यावर मेथी निवडत होती. मी तिच्यासमोर बसले आणि ती खूण केली.

वहिनीने मान खाली घातली. "कुठं बघितली?"

"कॅमेऱ्यात. डॉक्टरांचं नाव आहे ना?"

"डॉक्टर न्हाईत ताई त्ये." ती मेथीची काडी मोडत राहिली. "तुमी हाय त्या."

मी गालावरून बोट ओढून दाखवलं. "माझं नाव हे आहे वहिनी. लहानपणापासून."

"त्ये आदी हुतं. मग त्यांनी बदललं. लई वर्षं झाली त्याला. तुमी आल्या की सारखं घड्याळ बघायच्या ना. त्यांना ऐकू येत नव्हतं, पन डोळे लई तेज."

मी विचारलं, "रागाने ठेवलं?"

वहिनीने मेथीची जुडी बाजूला ठेवली आणि म्हणाली, "खोटं न्हाई सांगत. पहिल्यांदा रागानंच. त्यांची गोष्ट अर्धी टाकून गेल्ता तुमी, त्या दिवशी लई चिडल्या हुत्या. मग त्ये नावच पडलं. पुढं राग कुठला? रविवार उजाडला की सकाळपासून मनगटावर बोटं आपटायच्या. मी म्हनायचे, येतील, येतील. तुमी न्हाई आल्या की माझ्यावर चिडायच्या, तुमच्यावर न्हाई."

अक्का, मी तिच्यासमोर रडले. त्या ओट्यावर, मेथीच्या काड्यांत. वहिनीने मला रडू दिलं. मग हात धुऊन आली आणि विचारलं, "ती गोष्ट सांगू? मला सांगितली त्यांनी नंतर, पुरी."

आणि वहिनी हातांनी सांगायला लागली! तोंडाने सांगता आली असती तिला, पण तिने हातच उचलले. अगं, काय बोलते ती! मला वाटलं, तूच बसली आहेस. कितीतरी खुणा मला ठाऊकच नव्हत्या. तिला मधे मधे थांबवून मला अर्थ विचारावा लागला. मी, अक्काचं सगळं कळणारी सुनंदा!

गोष्ट अशी, की तू आठ वर्षांची असताना बाबा तुला नगरला घेऊन गेले होते. मुक्या-बहिऱ्या मुलांच्या शाळेत. मी दोन वर्षांची असेन तेव्हा. आवारात पोरंच पोरं, आणि सगळी हातांनी बोलत होती. तू बाबांचा सदरा धरून बघत राहिलीस. तोवर तुला वाटायचं, जगात हातांनी बोलणारं माणूस तू एकटीच. एक मुलगी तुझ्यापाशी आली, तुझ्याच वयाची. तिने दोन बोटांचे आकडे करून एकमेकांत अडकवले आणि तुला करायला लावलं. मैत्रीण. बाबा आत बोलून येईपर्यंत तुम्ही दोघी पायरीवर बसून तेवढंच करत होतात. पुन्हा पुन्हा. घरी आल्यावर आई म्हणाली, एवढंसं लेकरू मी वसतिगृहात ठेवणार नाही. विषय संपला.

वहिनी म्हणाली, "बाकी सगळ्या खुना अक्कांच्या. एवढी एकच दुसऱ्याची, तिथली." आणि तिने बोटं अडकवून दाखवली. मी ती तुझ्या हातावर कधी पाहिली नव्हती. आईसमोर नाही, माझ्यासमोर नाही. वहिनीला मात्र शिकवलीस. तिला शिकवलीस ते बरं केलंस. पण अक्का, मलाही पाहायची होती गं ती! तुझ्या हातांवर.

आईवर मी आता रागावू कशी? तिलाही तू हवी होतीस, जवळ हवी होतीस. पण तू त्या आवारात वाढली असतीस तर किती जणांशी बोलली असतीस, हा विचार आला की माझं मन थाऱ्यावर राहत नाही. तू पन्नास वर्षं दोन-तीन माणसांपुरतं बोललीस. त्यातलीही एक सारखी दाराकडे बघत होती.

त्या दिवशी मी राहिले. वहिनीने पिठलं केलं, दादा आला, आणि आम्ही तिघं तुझं बोललो. दादालाही बरंच यायला लागलंय, मिशी पांढरी झाली तरी! वहिनीने मला पाच-सहा नव्या खुणा शिकवल्या. कुकर, सिलिंडर, रेंज नाही. 'रेंज नाही' करताना तुझ्यासारखं तोंड तिने वाकडं केलं आणि आम्ही दोघी हसलो. किती खुणा तयार केल्यात तुम्ही, म्हणून मी विचारलं. ती म्हणाली, "मोजल्या न्हाईत. आमी नुसतं बोलायचो."

आता तुला एक शब्द देते, आणि हा मी मोडणार नाही. ती शाळा अजून आहे का, असेल तर कुठे, ते मी शोधून काढीन. मग वहिनीला घेऊन नगरला जाईन. कॅमेरा, वायर, चारही कार्डं बरोबर घेईन. तिथल्या बाईंना विचारीन, की आमच्या अक्काचं बोलणं तुमच्या मुलांना दाखवू का? त्यांना तुझं सगळं कळणार नाही, त्यांची खूण वेगळी. पण गायीचे नखरे कळतील, दादाचं रुसणं कळेल. ती पोरं तुला बघून हसतील, अक्का. ते मला बघायचं आहे.

वहिनीला मी विचारलं, याल का? तिने लगेच हो म्हटलं. पण आधीच बजावलंय, तिथं बोलणार ती. मी गप्प बसून कॅमेरा धरायचा.

तुझी धाकटी बहीण,
सुनंदा